जुना पुढे, नवा मागे

१

कुंभिवलीच्या येसाजीच्या घरी चूल पडवीत होती आणि कोठीत पेट्रोल. ज्या दगडी कोठीत त्याच्या बापानं जन्मभर भात साठवला, तिच्यात येसाजीनं मोटारीचं तेल भरलं, आणि मग विस्तवाला घराबाहेर काढण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. मुंबईहून पुण्याला निघालेल्या मोटारी खालापूर ओलांडून इथवर येईतो निम्म्या रिकाम्या होत. पुढं खोपोली, आणि खोपोलीच्या पुढं घाट. घाटात टाकी कोरडी पडली तर भल्या भल्या साहेबाला धोंड्यावर बसून माश्या माराव्या लागत. म्हणून मोटारी येसाजीच्या दारात थांबत.

पण येसाजी नुसता विकत नव्हता, साठवतही होता. कोठीतली मागची रांग अडीनडीची. पावसात पाताळगंगेला पूर आला, खोपोली ठेसनावरून बैलगाडी येईनाशी झाली, डॉक्टरची मोटार अडली, तर असावेत म्हणून ठेवलेले डबे. आता हे तेल भारी नाजूक. फार दिवस ठेवलं की शिळं होतं, मोटार खोकते आणि बंद पडते. म्हणून घरात एक नियम होता. नवे डबे आले की ते मागं लावायचे, मागचे पुढं ओढायचे, आणि सगळ्यांत पुढचा डबा सगळ्यांत आधी खपवायचा. जुना पुढे, नवा मागे.

येसाजीच्या आईला, मोतीबाईला, हे काही केल्या पटत नसे. "तांदूळ जितका जुना तितका पाव्हन्याच्या ताटात शोभतो," ती म्हणे. "ह्या विलायती तेलाचं समदंच उफराटं."

उचलाठेव करायची आवडीनं. आवडी ही येसाजीची बायको. जसं सारवण तिचं, दळण तिचं, तसे डबेही तिचे झाले, कुणी तिला विचारलं नाही. नवा डबा आला की ती त्याच्यावर चुन्याचं बोट ओढी, म्हणजे जुना कुठला आणि नवा कुठला ते कळे. कोठीला मुठीएवढा एक झरोका होता, तेवढ्याच उजेडात काम. दिवा न्यायचा नाही. अंगावर धातूचं काही घालायचं नाही, पत्र्यावर घासून ठिणगी पडेल म्हणून. हातात फक्त काचेची काकणं. एका टाकाला तेवढी येसाजीनं सूट दिली होती, कारण त्याला तो नाही म्हणू शकत नव्हता.

तो टाक सवतीचा. आवडी येसाजीची दुसरी. पहिली पारू, ती कोठीत जळून मेली. चिमणी घेऊन आत गेली आणि भडका उडाला, असं गाव सांगत असे. मेलेल्या सवतीवर जी नांदायला येते तिनं सवतीचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, ही आपल्याकडची रीत. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, कुंकू आधी टाकाला, सणाचा घास आधी टाकाला. सवतीचा मान ठेवला की ती त्रास देत नाही म्हणतात. आवडी सगळा मान ठेवी. बोटाच्या पेराएवढा तो पत्रा, त्यावर ठोकून काढलेली एक बाई, दोन्ही हात खाली सोडलेली.

संक्रांत जवळ आली तशी आवडी चिंच आणि राख घेऊन पडवीत टाक घासायला बसली. पाण्यात बुडवून तिनं तो उन्हात धरला. टाकावर दोन बाया होत्या.

२

माणूस आधी डोळ्यांवर शंका घेतो. आवडीनं पदरानं टाक पुसला, अंगठ्यानं चाचपला. पहिल्या बाईच्या बाजूला, जिथं पत्रा सपाट होता, तिथं अंगठ्याला उंचवटा लागत होता. बारीक, घासून गेलेल्या नाण्यावर असावा तसा. डोकं, खांदा, आणि वर उचललेला एक हात.

ती स्वतःशी म्हणाली, पोचा आला असेल. डबे उचलताना टाक पत्र्यावर दाबला जातोच की. पण पोचा आत जातो, बाहेर येत नाही. मग म्हणाली, आधीपासूनच असेल, आपलं लक्ष गेलं नसेल. पण लग्न झाल्यापासून ती दर सणाला तो टाक घासत आली होती. घरात तिला कुणी आरसा दिला नव्हता, तेव्हा म्हणाल तर तिनं स्वतःच्या तोंडापेक्षा पारूचं तोंड जास्त पाहिलेलं.

मोतीबाई ओटीवर तांदूळ पाखडत होती. आवडीनं तिच्यासमोर टाक धरला. "आत्याबाई, पारूबाईच्या आदी आनखी कोन होतं का वो?"

"आदी कोन असनार? एकच होती."

"मग ह्यो टाक बघा."

मोतीबाईनं टाकाकडं पाहिलं नाही. सूप खाली ठेवलं, त्यातले तांदूळ सांडले, ते तिनं वेचलेही नाहीत. मोतीबाईच्या हातून दाणा सांडणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवणं. "गळ्यात घाल तो," ती म्हणाली. "उगं उघडा ठेवू नये." आणि लगेच दुसरंच बोलू लागली. साजगावला तिच्या बहिणीकडं जायचं होतं म्हणे. तिथं एक पोर होती, कामाला वाघीण, हाडापेरानं मजबूत.

"पोर कशाला बघायची?" आवडीनं विचारलं.

"बघायला काय लागतंय?" मोतीबाई म्हणाली. मग आवडीच्या सपाट पोटाकडं पाहून तिनं सूप पुन्हा हातात घेतलं.

आवडी कोठीत गेली. दुपार झाली होती. ऊन कौलांवर तापलं की आतले डबे बोलत. पत्रा फुगतो, टक् वाजतो, दुसरा टक्, असं चाले. ह्याला ती सरावली होती. पण त्या दिवशी मागच्या कोपऱ्यातून टक् झाल्यावर त्याच जागी काकणांची बारीक किणकिण ऐकू आली. तिनं आपले हात पाहिले. ते तर तिनं छातीशी धरले होते.

३

संक्रांतीच्या आदल्या दिवशी येसाजी खोपोलीहून आला. तो बोलका माणूस नव्हता. हात चाले, तोंड चालत नसे, आणि हात कशावर चालेल ह्याचा भरवसा नसे. भाकरी खाताना त्याची नजर आवडीच्या गळ्याकडं गेली.

"ते काय हाय?"

"काय?"

त्यानं हात पुढं केला, टाक दोन बोटांत धरला, आणि पाहिला. आवडीनं त्याचं तोंड पाहिलं. एवढ्या वर्षांत तिनं त्या तोंडावर राग पाहिला होता, कंटाळा पाहिला होता. भीती पहिल्यांदाच. त्यानं बोटं झटकली, चटका बसल्यासारखी. आणि भ्यालेला पुरुष जे करतो तेच त्यानं केलं. मोटारीच्या पंख्याचा जुना पट्टा खुंटीवर टांगलेला असे, तो घेतला.

"सोनाराकडं गेलीवतीस! कुनी सांगितलं तुला? काय सांगितलं?" प्रत्येक प्रश्नाला एक फटका. पट्ट्याच्या टोकाला लोखंडी सांधा होता, तो खांद्यावर बसला तेव्हा कातडी फाटली. आवडी ओरडली नाही. मार चुकवायला तिनं एक हात वर केला आणि डोळे मिटले. ओटीवर मोतीबाई बसलेली होती. ती "बस कर रं, उद्या सन हाय," एवढंच म्हणाली.

थकल्यावर येसाजी शांत झाला. पाणी प्यायला. मग अगदी रोजच्या आवाजात म्हणाला, "कोठीची जमीन बाहेर उतरतीय. डबा गळला तर तेल उंबऱ्याखालनं ओटीवर येईल. लोकं विड्या ओढत्यात. उतार आत काढ."

सांगणं शहाणपणाचं होतं. आवडीनं दुसऱ्या दिवशी, तीळगूळ वाटायच्या आधी, कोठीतले डबे हलवले, माती आणून दाराकडं भर घातली, मागं खोल केलं, चोपणीनं चोपलं, वर शेणानं सारवलं. खांदा ठणकत होता. सारवण वाळल्यावर तिनं तांब्याभर पाणी ओतून पाहिलं, ते नीट मागच्या भिंतीकडं गेलं.

चार दिवसांनी ती कोठी पुन्हा सारवायला गेली, आणि बादलीतलं शेणपाणी दाराकडं धावलं. उंबऱ्याखालच्या फटीतून ते ओटीवर गेलं, थेट मोतीबाईच्या पायांपर्यंत. जमिनीवर तिनं स्वतःच्या हातानं घातलेली भर नव्हती. तिच्या जागी शेणात बोटांचे फराटे होते, तिच्यापेक्षा लांब बोटांचे.

तिनं येसाजीला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, हे तिला स्वतःलाही उमगलं नाही. तिनं वरून पातळ हात फिरवला आणि फराटे झाकून टाकले.

४

मोहियुद्दीन खालापूरचा. खोपोली ते कर्जत ठेसन अशी त्याची भाड्याची मोटार चाले, आणि तेल तो येसाजीकडूनच घेई. कधी येसाजी घरी नसला तर आवडी पुढचा डबा ओटीवर आणून देई आणि तो नरसाळं लावून टाकीत ओती. हसरा माणूस, पण आवडीनं त्याला ओटीवर चढताना कधी पाहिलं नव्हतं. पाणीसुद्धा पायरीवर उभं राहून पीत असे.

त्या दिवशी डबा घ्यायला त्यानं हात पुढं केला आणि आवडीला त्याचा तळवा दिसला. तळव्यावर आडवा, गुलाबी, सुरकुतलेला व्रण होता, कोयंड्यात अडकवायच्या कडीचा आकार असतो अगदी तसा.

"भाय, हे कशानं?"

मोहियुद्दीननं मूठ मिटली. घरात कोण आहे ते डोळ्यांनीच विचारलं. येसाजी खोपोलीला होता, मोतीबाई साजगावला गेली होती.

"वैनी, खांद्यावर तुमच्या रक्त हाय," तो म्हणाला.

"ते जाऊ द्या. हे कशानं?"

तो मोटारीच्या चाकाकडं वळला. मग बोलला तो एका दमात. "पारूवैनी गेल्या त्या दिवशी मी तेलाला आलोवतो. धूर बघितला. कोठीचं दार आतनं कोनतरी बडवत होतं. येसाजी अंगनात हुबा, म्हातारी ओटीवर हुबी. मी धावत जाऊन कडी काढली, लाल झालेली. कडी भायेरनं होती वैनी. भायेरनं." त्यानं मूठ उघडली. "दार उघडलं तवा बडवायचं थांबलंवतं. पाटलाला मी काय बोललो नाय. माझी मोटार त्याच्या तेलावर चालती. माझ्या घरवालीनं, हवाबीनं, तवापास्नं ह्या घरचं तेल लागलेल्या माझ्या हातचं पानी घेनं सोडलं."

आवडी पायरीवर बसली. साजगावची पोर, आत उतार काढायची घाई, चिमणीची गोष्ट. सगळं एका रांगेत लागलं, आणि त्या रांगेत सगळ्यांत पुढं ती स्वतः होती.

"मला न्याल?" तिनं विचारलं. "पळसदरीला माझा भाऊ हाय, लडकू. तो मला परत धाडंल. पन तुमचा हात बघितला तर धाडायचा नाय."

"नेईन. हवाबीला संगं घेऊन येतो, म्हंजी लोकं बोलायची नायत. जुम्म्याची नमाज झाली की आलोच. तोवर कोठीत पाय ठेवू नका."

तो गेल्यावर तिनं टाक पाहिला. दुसरी बाई आता ठसठशीत झाली होती. हनुवटीवर तीन ठिपके. आवडीच्या हनुवटीवर लहानपणी गोंदणारणीनं काढलेलं गोंदण होतं, तीन ठिपक्यांचं. आणि वर उचललेला तो हात. मार चुकवायला उचललेला, की आतून दार बडवायला, एवढंच तिला कळत नव्हतं. टाक मेलेल्याचाच करतात. तिनं तो चोळीच्या आत टाकला आणि भांडी घासायला घेतली, कारण दुसरं काय करणार?

५

शुक्रवारी सकाळीच बैलगाडी आली. नवे डबे. गाडीवान ओटीवर खोके उतरवून गेला. येसाजी घरी होता. दाढी केलेली, धुवट धोतर नेसलेला, आणि बोलणं साखरेत घोळलेलं. मोतीबाई साजगावहून आली होती, तिनं आल्या आल्या आवडीच्या हातावर गूळ ठेवला.

"कशाचा वो?"

"खा की. गूळ खायला कारन लागतंय व्हय?"

आवडीनं लुगड्याच्या घडीत दोन चोळ्या बांधून ठेवल्या होत्या. ऊन अंगणात आलं, तुळशीपाशी सरकलं. नमाज व्हायला अजून अवकाश होता. रस्त्यावरून एक मोटार गेली, थांबली नाही. दुसरी गेली, तीही नाही. प्रत्येक आवाजाला ती मान वर करी.

"आवडे," येसाजी म्हणाला, "नवं आलंय. आत जा, जुनं पुढं काढ."

"जेवनं झाल्यावर काढते."

"आत्ता."

"हात दुखतोय धनी."

"आत्ता म्हनलो ना!"

तिनं मोतीबाईकडं पाहिलं. बाईच्या जातीला बाईची दया येईल, अशी वेडी आशा कुणाला सुटली आहे? मोतीबाई वाती वळत होती. तिनं मान वर केली, सुनेकडं स्वच्छ नजरेनं पाहिलं आणि म्हणाली, "जा गं. नवऱ्याला दोनदा बोलाया लावू नये."

आवडी रस्त्याकडं पळाली. अंगणाच्या मध्यापर्यंत पोचली असेल. येसाजीनं तिला अंबाड्याला धरून मागं खेचलं, ती पाठीवर पडली, डोकं तुळशीच्या दगडावर आपटलं. तिनं त्याच्या हाताला चावा घेतला, मांस दातांत आलं. तो बोंबलला नाही. त्यानं तिच्या तोंडावर लाथ घातली, मग पोटात, मग तिचे केस मुठीला गुंडाळून तिला पायरीवरून, ओटीवरून, उंबऱ्यावरून फरफटत नेलं. तिच्या हातांतली काकणं ओटीभर फुटली. कोठीत ढकलताना त्यानं तिची बोटं दारात चेचली, ती तिनं आत ओढली तेव्हाच दार लागलं. कोयंडा वाजला.

बाहेरून मोतीबाईचा आवाज आला, शांत, देवाला फुलं वाहताना असतो तसा. "कडी नीट बसली का बघ रं."

६

आत थंड होतं. झरोक्यातून मुठीएवढा उजेड डब्यांच्या पहिल्या रांगेवर पडला होता. आवडीनं दार बडवलं. हात वर करून, दोन्ही मुठींनी, मग एका. तेव्हा तिला टाकावरची बाई आठवली आणि ती थांबली. म्हणजे हेच होतं तर. बडवायचं आणि मग थांबायचं.

दाराच्या पलीकडं बूच उघडल्याचा आवाज झाला. मग गळगळ, गळगळ. ओतायच्या जोरानं उंबऱ्याखालच्या फटीतून तेल आत आलं. वास नाकात शिरला, डोळ्यांना धारा लागल्या. पायाखालचं सारवण ओलं झालं. ती मागं सरकली. पाठीला डबे लागले.

तेवढ्यात मागच्या कोपऱ्यात डबा सरकला.

तो आवाज तिला पाठ होता. पत्रा शेणाच्या जमिनीवर ओढला की होणारा, जड, रखडत येणारा. तिनं स्वतःला समजावलं, आपलाच धक्का लागला. मग दुसरा सरकला. मग तिसरा. अडीनडीची मागची रांग कुणीतरी घाई न करता, कामाच्या सवयीनं पुढं ओढत होतं. मध्येच काकणं किणकिणत होती. आवडीच्या हातांत एकही काकण उरलं नव्हतं.

डबे तिच्या दोन्ही बाजूंनी पुढं जाऊन दाराशी लागत होते. एकावर एक, भिंत घालावी तसे. तिनं भिंतीला अंग चिकटवलं आणि श्वास रोखला. उजेडाच्या त्या मुठीत एक डबा आला, आणि डब्याबरोबर एक पाठ. वाकलेली. पाठीवर लुगडं नव्हतं, आणि कातडी म्हणावी तर तीही नव्हती. डोक्यावर एका बाजूलाच केस होते. एक हात पुढं आला, कोळशासारखा काळा, आणि त्याच्यात हिरवी काकणं वितळून मनगटाला चिकटलेली. त्या हातानं डबा नीट बसवला. मग बोटं जमिनीला लागली आणि लांब, सरळ ओढली गेली, दाराच्या दिशेनं. सारवताना ओढतात तशी.

तेल वळलं. तिच्या पायांखालून, डब्यांच्या मधून, ते उंबऱ्याकडं परत निघालं. तिनं ते स्पष्ट पाहिलं. पाणी जसं उताराला जातं, तसं.

बाहेर काडी ओढल्याचा आवाज झाला.

भडका दाराच्या पलीकडं उडाला. येसाजीचं धोतर भिजलेलं होतं, पाय तेलात होते. तो किंचाळला तो माणसाचा आवाज नव्हता. तो ओटीवर धावला, खांबावर आपटला, अंगणात पडला, उठला, पुन्हा पडला. मोतीबाई "माझा येसू, माझा येसू," म्हणून छाती बडवत होती. फटीतून लाल उजेड आत येत होता, पण जाळ उंबऱ्याच्या आत आला नाही. डब्यांपैकी एकही टक् वाजला नाही.

मग कोयंडा सुटला, दार आपसूक बाहेरच्या अंगाला उघडलं, आणि डब्यांच्या भिंतीत एका माणसापुरती वाट पडलेली होती. आवडी जळत्या उंबऱ्यावरून उडी मारून बाहेर आली. दाराशी कुणीच नव्हतं.

७

मोहियुद्दीन आणि हवाबी आले तेव्हा येसाजी अंगणात होता, म्हणजे जे काही उरलं होतं ते. पोलीसपाटलानं विचारलं, काय झालं? मोतीबाईच्या तोंडून उत्तर आलं ते आधीपासून तयार असल्यासारखं. "चिमनी घेऊन तेल काढाया गेला. भडका उडाला." आवडीचं फुटलेलं तोंड पाहून पाटलानंही फार विचारलं नाही.

मोहियुद्दीननं दाराची कडी पाहिली. लोखंड अजून गरम होतं, आणि त्यावर काजळीत चार बोटं उमटली होती. तो म्हणाला, "वैनी, कडी कुनी काढली?" हवाबीनं आवडीचा हात धरला आणि चला म्हणाली. तिनं नाही म्हटलं. आता कशाला जायचं? ज्याच्या भीतीनं पळायचं तोच राहिला नव्हता.

दोन विधवा त्या घरात राहिल्या. मोटारी थांबतच होत्या, घाट कुणाच्या मरणानं खाली बसत नाही. आवडी डबे विकी. मोतीबाई तिच्या हातची भाकरी खाई, तिच्याशी गोड बोले, पाय चेपून घेई. त्या दिवसाबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. जणू काही येसाजी चिमणी घेऊनच गेला होता आणि जणू "कडी नीट बसली का" हे कुणी म्हटलंच नव्हतं. माराचे वळ बरे झाले. पण तेवढं वाक्य बरं होईना. आवडी दळताना ते ऐके, पाणी शेंदताना ऐके. कधी कधी तिला वाटे की ते आपल्या कानांनी एकदा ऐकलेलं नाही, दोनदा ऐकलेलं आहे, आणि पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आपल्या अंगाला आग लागलेली होती.

होळीच्या सुमाराला खोपोलीहून नवे डबे आले. आवडीच्या चेचलेल्या बोटांना अजून जोर नव्हता.

"आत्याबाई," ती म्हणाली, "जरा आत जाता? पुढचा डबा मोकळा करून द्या, मी मागनं येते."

"जाते की," मोतीबाई म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली. वाकलेल्या पाठीनं ती उंबरा ओलांडून कोठीत गेली. आत डबा ओढल्याचा आवाज आला.

आवडी दाराशी आली. सहज म्हणून तिनं चोळीतला टाक बाहेर काढला. तो ऊन लागत होता. पारू तशीच, हात खाली सोडलेली. शेजारी ती स्वतः, हनुवटीवर तीन ठिपके, एक हात वर. आता टाक इतका लख्ख झाला होता की त्या हातात काय धरलंय तेही दिसत होतं. मार चुकवणारा हात नव्हता तो, आणि दार आतून बडवणाराही नव्हता. त्या हातात कडी होती. ती बाई दाराच्या बाहेर उभी होती.

आवडीनं मान वर केली. तिचा हात कडीवर होता. तो केव्हा वर गेला, तिला कळलं नव्हतं. दार लागलेलं होतं.

हात काढून घ्यावा, असं तिच्या मनात आलं. म्हातारी आहे, आज ना उद्या मरेल. हात निघाला नाही. आणि मग तिच्या कानाशी, तिच्या त्या रिकाम्या, विधवेच्या मनगटावर, काकणं किणकिणली.

आत डबा ओढायचा थांबला.

"आवडे," मोतीबाईचा आवाज आला, बारीक झालेला. "काकनं कुनाची वाजली गं?"

आवडीनं कडी नीट बसली का ते बघितलं.